बिशपसाहेब येण्याआधीचे दहा रविवार

पत्र थोडक्यात असे आहे. लिहिणाऱ्या बाई नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षे शिकवून गेल्या साली निवृत्त झाल्या. त्यांची मंडळी, म्हणजे चर्च, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची), पण जुनी माणसे अजून तिला ‘एसपीजीचं चर्च’च म्हणतात; एसपीजी म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची जुनी मिशनरी संस्था. पेंटेकॉस्टनंतरच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणानंतरच्या) रविवारी बिशप दृढीकरणासाठी, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास स्वतः कबूल केल्यावर त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करण्यासाठी, येणार आहेत आणि पाळकसाहेबांनी वर्ग बाईंवर सोपवला आहे. हाती दहा रविवार. वर्गात तेरा ते सतरा वयाची नऊ मुले आहेत आणि दोन मोठी माणसे. एक, मंडळीतल्या एका घरची सून, दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेली. दुसरे, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला जावे लागल्याने त्यांचा दृढीकरणाचा वर्ग दर वर्षी बुडाला, आणि वाचायला आजही जड जाते. दोघेही मागे बसतात, तोंड उघडत नाहीत.

खरी अडचण सोळा वर्षांच्या एका मुलाची. अकरावी सायन्सला आहे. त्याने भर वर्गात विचारले, “बाप्तिस्म्यातच पवित्र आत्मा मिळाला असेल, तर बिशपसाहेब आणखी काय देणार?” बाईंना उत्तर सुचले नाही. वर्ग सुटल्यावर तो म्हणाला, “मला हे सगळं पटतंय का तेच माहीत नाही. आई म्हणते म्हणून येतो.” आई म्हणजे बाईंची चुलत जाऊ. तिने पाहुण्यांना आवतण दिले आहे, पांढरा शर्ट शिवायला टाकला आहे, साठ माणसांच्या बिर्याणीचा आगाऊही दिला आहे. पाळकसाहेब म्हणतात, “करा उभा, पुढे सुधारेल.” गेल्या खेपेच्या अकरा मुलांपैकी आता दोनच रविवारी दिसतात, हीदेखील बाईंना टोचणी आहे. त्या विचारतात, “या मुलाला घेऊ की वगळू? आणि जिला स्वतःला त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) धड सांगता येत नाही, तिने दुसऱ्यांना तयार करावं तरी कसं?”

सलाम बाई,

तुमचं पत्र वाचताना मला माझे बूट आठवले. माझं दृढीकरण झालं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. प्रश्नोत्तरावली तोंडपाठ होती. “तुझे नाव काय?” इथपासून शेवटपर्यंत एका दमात म्हणून दाखवायचे. आईने नवे काळे बूट घेतले होते, एक नंबर लहान. बिशपांचा हात डोक्यावर आला त्या क्षणी माझ्या मनात एकच प्रार्थना होती, की हे लवकर आटपू दे, टाच सोलली आहे. आमच्या बाईंच्या वहीत माझ्या नावापुढे ‘तयार’ असं लिहिलेलं होतं.

तुमच्या पत्रात हा ‘तयार’ शब्द सात वेळा आला आहे. मोजला मी. बत्तीस वर्षं चौथीची मुलं वार्षिक परीक्षेला बसवलीत, तेव्हा तो हातात बसलेला असणारच. पण दृढीकरणात दृढ कोण कोणाला करतं, हे एकदा शांतपणे पाहा. मुलगा आपण होऊन ‘हो’ म्हणतो, हे खरं. पण दृढ करण्याचं मागणं बिशप देवाकडे मागतात. अँग्लिकनांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात हात ठेवतानाची जी प्रार्थना आहे, तिचा आशय असा की, प्रभू, या तुझ्या लेकराला सांभाळ, ते सदैव तुझं राहो आणि तुझ्या आत्म्यात दिवसेंदिवस अधिकाधिक वाढो. ‘दिवसेंदिवस’ म्हणजे काम त्या दिवशी पुरं झालेलं नाही, आणि ते तुमच्या दहा रविवारांत पुरं व्हावं अशी अपेक्षाही नाही. तुम्ही बळंच ते ओझं डोक्यावर घेतलं आहे.

तयारीबद्दल हेच जुनं पुस्तक काय म्हणतं तेही ऐका. १५४९ च्या पहिल्या पुस्तकात नियम कडक होता: दृढीकरण झाल्याशिवाय कोणालाही प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस) नाही. १६६२ च्या पुस्तकात त्याला एक शेपूट जोडलं गेलं, की दृढीकरण झालेलं असावं ‘किंवा त्यासाठी तो तयार आणि इच्छुक असावा’. या शेपटावर किती माणसांची आयुष्यं निघाली असतील! मुंबईचं सेंट थॉमस १७१८ साली उघडलं आणि मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला १८३७ साली. मधल्या बहुतेक काळात तिथे गुडघे टेकणाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवायला इथे होतं कोण? ती माणसं इच्छेवरच प्रभूच्या मेजाशी आली असणार. तुमच्या वर्गातही मला सगळ्यात आधी इच्छाच शोधावीशी वाटते. पाठांतर नंतर पाहू. खात्री तर त्याच्याही मागून येते, आणि कितीतरी भल्या माणसांत ती येत-जात राहते.

वयाचंही तसंच. पहिली एलिझाबेथ राणी ७ सप्टेंबर १५३३ ला जन्मली आणि १० तारखेला तिचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण दोन्ही एकाच समारंभात उरकलं. तीन दिवसांची होती! पुढे धर्मसुधारणेनंतर, मुलाला समज येऊ द्या आणि त्याने आपल्या तोंडाने वचन द्यावं, असं ठरलं. म्हणजे थांबायचं कारणच हे होतं की उत्तर त्याचं स्वतःचं असावं. तेच उत्तर आता आईने शर्टाबरोबर शिवून आणायचं, तर थांबलो कशाला?

म्हणून ‘घेऊ की वगळू’ हा प्रश्न मला चुकीच्या माणसाला विचारलेला वाटतो. घेणं-वगळणं तुमच्या हातात नाही. नाव पाळकसाहेब पुढे करतात, हात बिशप ठेवतात, आणि ‘हो’ तो मुलगा म्हणतो. तुमच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्याला ‘आत्ता नको’ म्हणता येईल अशी जागा मोकळी ठेवणं. आज ती नाही. तुमच्या गावात आज ‘नको’ म्हणणं म्हणजे आईची मान खाली, बिर्याणी वाया आणि वर्षभर चर्चच्या पायरीवर कुजबुज. अशा ठिकाणी मिळालेलं ‘हो’ कितपत खरं धरायचं?

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. पंचवीस वर्षं मी पाळकीणबाई म्हणून असे वर्ग घेतले. एका गावी एक मुलगा असाच होता. हुशार, जरा तिरकस. त्याचे वडील कमिटीवर. मला अंदाज आला होता, तरी मी म्हटलं, घोडं मैदानाजवळ आलंय, आता कशाला? तो उभा राहिला, सगळी उत्तरं खणखणीत दिली. सात-आठ वर्षांनी पुण्यात भेटला. चहा झाला. उठताना म्हणाला, “पाळकीणबाई, माझं चर्चशी भांडण नाही हो. पण मी तिथे उभा राहून खोटं बोललो, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं.” रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसानंतर प्रत्येक वर्गाच्या पहिल्याच दिवशी मी पालकांसमक्ष सांगत आले, की यातलं कोणीही शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायचं ठरवू शकतं, त्याला कारण विचारलं जाणार नाही, आणि पुढच्या खेपेला त्याची जागा राखलेली असेल. फार थोड्यांनी ती सवलत वापरली. पण बाकीच्यांच्या आवाजात फरक पडला.

तुमचे पहिले रविवार निघून गेले असतील तर येत्या रविवारी सांगा. एकट्या त्या मुलाला नको, सगळ्यांना सांगा, म्हणजे बोट त्याच्याकडे जाणार नाही. आणि आधी पाळकसाहेबांच्या कानावर घाला. ‘पुढे सुधारेल’ म्हणणारे पाळकसाहेब वाईट नसतात, बाई. बिशपांपुढे यादी आखूड दिसू नये ही धास्ती मी आमच्याच घरात पाहिली आहे. त्यांना एवढंच विचारा, की बिशपांनी “हे सगळे आपल्या मनाने आले आहेत ना?” असं विचारलं तर तुम्ही काय म्हणाल?

आता त्याच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही गप्प झालात याचं तुम्हाला वाईट वाटलं, पण या प्रश्नावर इंग्लंडातले मोठे मोठे अँग्लिकन विद्वान एकमेकांशी भांडले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर ग्रेगरी डिक्स म्हणत होते की हात ठेवण्यावाचून बाप्तिस्मा अपुरा, आणि लॅम्प ठासून सांगत होते की आत्मा बाप्तिस्म्यातच मिळतो. वाद मिटला असं मी म्हणणार नाही. आपल्या घरातही तो आहेच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन आपलं चर्च झालं, त्यात तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच देणारेही. नगरकडच्या कितीतरी घरांत आजोळ अमेरिकन मिशनचं आणि आजा एसपीजीचा. त्या आजोळच्या जुन्या माणसांना बिशप ही भानगडच ठाऊक नव्हती, आणि तीही काही कमी विश्वासाची नव्हती.

त्या मुलाला उत्तर देऊ नका, काम द्या. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला आठवा अध्याय आणि दहावा अध्याय शेजारी शेजारी वाचायला सांगा. आठव्यात शोमरोनातल्या लोकांचा बाप्तिस्मा आधी होतो, आणि पेत्र-योहान यरुशलेमेहून येऊन हात ठेवतात तेव्हा त्यांना आत्मा मिळतो. दहाव्यात कर्नेल्याच्या घरी पेत्राचं बोलणं चालू असतानाच आत्मा उतरतो आणि पाण्याची आठवण मागाहून होते. म्हणजे क्रम देवानेही एकच धरलेला दिसत नाही. सायन्सचा मुलगा आहे, दोन नोंदी जुळत नाहीत म्हटल्यावर त्याला गोडी लागेल. वर्गापुढे त्यालाच मांडू द्या. तुम्ही ऐकायला बसा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, दृढीकरणात रिकाम्या घागरीत नवं काही ओतलं जात नाही. जुन्या प्रार्थनेतही ‘वाढ’ मागितली आहे. तरी बिशप लागतात कशाला? तर शोमरोनात पेत्र-योहान लागले त्यासाठी. तुमच्या गावाबाहेरही हे घर पसरलेलं आहे, आणि त्या सगळ्या घराच्या वतीने कोणीतरी चालत येऊन या पोराच्या डोक्यावर हात ठेवतं. वर्षानुवर्षं तेच पन्नास चेहरे पाहणाऱ्या मंडळीला याची गरज असते.

शंका विचारणारा हा बाहेरचा, असं तुम्ही कुठेतरी धरून चालला आहात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला झाला, अँग्लिकन जोगिणींच्या (नन्सच्या) घरी. याच जोगिणी १८७७ पासून पुण्यात पंचहौदला काम करत होत्या. (पंचहौद म्हटलं की आपल्याकडे लोकांना टिळक-रानडे तिथे मिशनच्या घरी चहा प्यायले तेच प्रकरण आठवतं, पण तिथे चहापलीकडेही पुष्कळ घडलं.) बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी त्याच जोगिणींपैकी सिस्टर जेराल्डिनना लिहिलेली पत्रं पाहा. त्रैक्यावर प्रश्न आहेत. मतांगीकारावर, म्हणजे चर्चमध्ये म्हणायच्या विश्वासाच्या ठरलेल्या कबुलीवर, प्रश्न आहेत. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, असंही साफ सांगितलं आहे. सिस्टर दुखावल्या, चिडल्या, पण पत्रं थांबली नाहीत. पुढे याच बाईंनी मूळ भाषा शिकून सबंध बायबल मराठीत आणलं. तुमचा हा पोरगा रमाबाई होणार असं मी म्हणत नाही. पण त्याच्यावर सिस्टरांइतकी तरी शाई खर्च करायला हरकत नाही.

त्रैक्याची भीती सोडा. गंमत पाहा, पेंटेकॉस्टनंतरचा रविवार म्हणजे त्रैक्याचाच रविवार. पाळकसाहेबांनी मुद्दाम निवडला की बिशपांच्या डायरीत तोच मोकळा होता, देव जाणे. अंड्याचं कवच-बलक-पांढरा, पाणी-बर्फ-वाफ असल्या उपमा वर्गात आणू नका. मुलं बरोबर त्यातली चूक काढतात. जुन्या प्रश्नोत्तरीतच याचं सरळ उत्तर आहे: पिता, ज्याने मला आणि सगळ्या जगाला घडवलं. पुत्र, ज्याने मला आणि सगळ्या माणसांना सोडवलं. आणि पवित्र आत्मा, जो मला आणि देवाच्या सगळ्या लोकांना पवित्र करतो. एवढं तुम्हाला सांगता येतं. त्यापुढे “मलाही कळत नाही” म्हटलंत तर वर्गातला तुमचा मान वाढेलच.

मागच्या बाकावरच्या दोघांविषयी मला जास्त काळजी वाटते. पत्रात त्यांच्यासाठी तुम्ही दोन ओळी दिल्यात आणि त्या मुलाला दोन पानं. चर्चमध्येही असंच होतं.

त्या गृहस्थांना मुलांबरोबर बसवू नका. दसरा-दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचं आणि उन्हाळा लागताना परतायचं. बिशप थंडीतच येत, असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे तेरा वर्षांच्या पोराच्या हातात कोयत्याने तोडलेल्या उसाची मोळी होती तेव्हा इकडे यादी वाचली जात होती. तो वर्ग त्यांनी चुकवला नाही, चर्चने चुकवला. आता त्यांना बालवाचनाच्या पुस्तकासारखी छापील पानं देऊन दहावीच्या मुलींशेजारी बसवणं म्हणजे दुसऱ्यांदा तेच. जुन्या पुस्तकातला शब्द पाहा: मतांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा मातृभाषेत ‘म्हणता’ याव्यात. वाचता याव्यात असं तिथे लिहिलेलं नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टी ते चाळीस वर्षं मागच्या बाकावर म्हणत आलेच असतील. दहा आज्ञांसाठी कोणीतरी मोबाइलवर सावकाश वाचून रेकॉर्ड करून द्या, फिरता फिरता ऐकतील. एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा, पाळकसाहेबांना घेऊन. ‘चोरी करू नको’ म्हणजे मुकादमाच्या उचलीत काय आणि मजुरीच्या हिशेबात काय, हे ते तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील. त्यांनी परवानगी दिली तर तेच त्यांना मुलांपुढे एकदा बोलू द्या.

सुनेची गोष्ट निराळी. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यांना आपण सांगतो, की तुमच्या वतीने धर्ममातापित्यांनी दिलेली वचनं आता तुम्ही स्वतः घ्या. तिच्या बाबतीत हे लागूच होत नाही. तिने आपल्या तोंडाने, जाणत्या वयात, बरंच काही पणाला लावून वचन दिलेलं आहे. जुन्या पद्धतीत मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्याचं दृढीकरण सोयीने लवकरात लवकर करावं असं होतं. दोन वर्षं ती थांबली यात कसूर तिची नव्हे. तिला शिकवण्याआधी विचारा, की तुला काय हवं आहे. कदाचित तिला उपासनेत कधी उभं राहायचं, कधी बसायचं एवढंच कळत नसेल आणि विचारायची लाज वाटत असेल. सासूसमोर विचारू नका. आणि तिच्याकडून ‘साक्ष’ वदवून घेण्याचा मोह टाळा. महिला मंडळाला असल्या साक्षी फार आवडतात, पण माहेरचं नाव निघालं की तिच्या घशात काय येतं ते आपल्याला माहीत नाही. आणखी एक. कार्यक्रमपत्रिकेवर नाव छापण्याआधी, व्हॉट्सअॅपवर फोटो फिरवण्याआधी प्रत्येक मोठ्या माणसाला विचारा. ती नको म्हणाली तर कारण विचारू नका.

दहा रविवारांचा हिशेबही मी मांडून पाहिला. त्रैक्याच्या रविवारापासून मागे मोजलं तर झावळ्यांचा रविवार आणि पुनरुत्थानाचा रविवार मधे येतात, त्या दिवशी कोण वर्गाला बसतंय? शिवाय अकरावीच्या परीक्षा, मग मे महिना, मग लग्नं आणि मामाचा गाव. तुमच्या हाती धरून चाला सहा वर्ग. चोवीस धड्यांचं पुस्तक कपाटात ठेवा.

पहिल्याला प्रत्येकाने घरून आपल्या बाप्तिस्म्याची गोष्ट विचारून आणायची: कोणी हातात धरलं होतं, रडलो का, धर्ममाता कोण, आता ती कुठे असते. दाखलाही त्याच दिवशी मागा, बिशपांच्या कचेरीला लागतो आणि शेवटच्या आठवड्यात कोणाचाच सापडत नाही. एक वर्ग चर्चमध्येच घ्या, बाकं सोडून. बाप्तिस्म्याचं कुंड दाराजवळ असेल तर ते तिथे का, मेज पुढे का, दोहोंमधलं अंतर चालून पाहायला लावा. प्रभुभोजनाचा वर्ग घेताना पाळकसाहेब आजारी माणसांकडे प्रभुभोजन घेऊन जातात तेव्हा दोन-दोन मुलं बरोबर पाठवा. खाटेवरच्या आजीने थरथरत्या हातांची ओंजळ पुढे केलेली पाहिली की तासाभराच्या भाषणाचं काम होतं. आणि निदान दोन वर्ग दृढीकरणाच्या उपासनाक्रमावर द्या. आपण काय म्हणणार आहोत ते मुलांनी आधी ओळ ओळ वाचलेलं असावं. कशाला ‘होय’ म्हणायचं आहे, कशाचा त्याग करतो म्हणायचं आहे. दुकानात न वाचता अंगठा उठवायचा नाही असं आपण शिकवतो, मग इथेच का? ‘सैतानाची कृत्ये’ म्हणजे आपल्या गावात नेमकं काय, यावर माझ्या वर्गात एकदा पाऊण तास भांडण झालं होतं. हुंडा निघाला, वाळू निघाली, शेवटी आमच्या चर्चची निवडणूकही निघाली. तो माझा सगळ्यात चांगला वर्ग.

एक व्यवहाराची गोष्ट: वर्ग नेहमी दोन मोठ्या माणसांनी घ्या, दार उघडं ठेवा. त्या मुलाशी एकट्याने बोलायचं तर व्हरांड्यात, चार माणसांच्या नजरेसमोर. तुमच्यावर कोणाचा अविश्वास आहे म्हणून नाही. उद्या हा वर्ग दुसरं कोणी घेईल, तेव्हा रीत पडलेली असावी.

गेल्या खेपेच्या नऊ मुलांचं काय झालं? यावर तुम्ही स्वतःच्या शिकवण्याला दोष दिला आहे. मला वाटतं त्यांना शिकवणं कमी पडलं नाही, काम कमी पडलं. दृढीकरणापर्यंत दर रविवारी कोणीतरी त्यांची वाट पाहत होतं. दुसऱ्या रविवारी कोणीच नाही. शाळेत दहावीच्या निरोप समारंभानंतर होतं तसं. शिवाय काही पुण्याला शिकायला गेली असतील, ती हरवली असं धरू नका. त्यांना फोन करा आणि कुठल्या चर्चला जाता ते नुसतं विचारा. यंदा आधीच करा: जुन्या पुस्तकात प्रत्येक उमेदवाराबरोबर धर्मपिता किंवा धर्ममाता साक्षीला असावी असं आहे. ती चाल आपल्याकडे नावापुरती उरली. प्रत्येकाला मंडळीतलं एक मोठं माणूस जोडून द्या, आईबाप सोडून. नातं दोन वर्षांचं. त्या माणसाने फार काही करायचं नाही. नाव घेऊन हाक मारायची, परीक्षेच्या आदल्या दिवशी फोन करायचा, आणि चर्चमधल्या आपल्या कामात बोट धरून घ्यायचं. साउंड सिस्टिमवाल्याने साउंड सिस्टिम, पेटीवाल्या मावशींनी पेटी.

पालकांकडून आणखी एक कारण कानावर येईल, की “लग्नाला लागतं”. ख्रिस्ती विवाहाचा जो १८७२ चा कायदा आहे, त्यात दृढीकरणाची अट नाही. मंडळीच्या सभासदत्वाचे, मतदार यादीचे नियम वेगळे असतात, ते पाळकसाहेबांना विचारून पालकांना स्वच्छ सांगा. निम्मी घाई तिथेच उतरते.

आता तुमच्या जाऊबाई. त्यांच्याकडे पाळकसाहेबांना पाठवू नका, तुम्ही जा, आणि मुलाने स्वतः आईशी बोलल्यावरच जा. त्याच्या आधी तुम्ही सांगितलंत तर त्याचा तुमच्यावरचा भरवसा गेला. तो म्हणाला “मी उभा राहतो”, तर प्रश्न मिटला, शंका खिशात ठेवून उभं राहायला बंदी नाही. म्हणाला “यंदा नको”, तर जाऊबाई आधी रडतील, मग तुमच्यावर घसरतील. घसरू द्या. नंतर त्यांना सांगा, की त्या दिवशी प्रेषितांच्या कृत्यांतला पाठ तोच वाचणार आहे, पांढरा शर्ट घालून, बिशपांच्या समोर उभा राहून. पाळकसाहेबांकडून हे आधी कबूल करून घ्या. आणि बिर्याणी रद्द करायला सांगू नका. अकराचे दहा झाले तरी जेवणारे साठच राहतात, आणि तुमचे ते ऊसतोडीचे गृहस्थ, त्यांच्या घरी त्या दिवशी कोण पाहुणे येणार आहेत, ते विचारलंत का?

तुमची,
जुनी पाळकीणबाई